सीआरपी: बरे होताना विरणारी खूण

कोविडच्या दोन वर्षांत सीआरपी या रक्ततपासणीचे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले. दवाखान्याच्या दारात ताटकळणारे नातेवाईक ‘आज सीआरपी किती आला?’ असे विचारू लागले. या तपासणीचा जन्मही फुप्फुसाच्याच आजारातला, पण तो १९३० सालच्या न्यूयॉर्कमधला.

रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात, ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियावर प्रतिजैविके अजून आली नव्हती. ताप आठवडाभर चढा राही. मग एकाएकी उतरे, नाहीतर माणूस हाती लागत नसे. न्यूमोकोकस जंतूतून वेगळी काढलेली ‘सी’ नावाची शर्करा या दोघांनी रुग्णांच्या रक्तरसात मिसळली, तर खाली साका बसला. प्रतिपिंडांमुळे असे होते, हे ठाऊक होते. पण प्रतिपिंडे रुग्ण सावरत जाईल तशी वाढतात. इथे ताप उतरला की साका बसेनासा झाला. शिवाय इतर काही जंतुसंसर्गांतही तो दिसला. एकाच रुग्णाचे रक्त आजारात आणि नंतरही तपासले, म्हणूनच हे उमगले. मला या सगळ्या शोधात हीच चिकाटी सर्वांत मोलाची वाटते.

‘सी’शी साका बनवणारा रक्तातला तो पदार्थ प्रथिन आहे, हे एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखवले. हेच सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनीच १९४४ मध्ये, याच जंतूवर काम करताना, आनुवंशिक गुण डीएनएतून जातात हे दाखवले होते. पुढे संधिवाताच्या तापात आजार किती धगधगतो आहे हे पाहायला सीआरपी वापरात आले.

शरीरात दाह उठला की हे प्रथिन यकृत मोठ्या प्रमाणात तयार करते. त्याला इशारा देतो मुख्यतः इंटरल्यूकिन-६ हा रेणू. त्याचे जनुक ओसाकातल्या तोशियो हिरानो आणि तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये वेगळे केले. रक्तातले सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मे होते आणि हा वेग आजारपणातही फारसा बदलत नाही. त्यामुळे दाह शमला की आकडा लवकर उतरतो.

कोविडमध्ये दुसऱ्या आठवड्यात अनेकांचा घात विषाणूपेक्षा शरीराच्या दाहाने केला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध ४,११६ रुग्णांमध्ये तपासले गेले. प्राणवायू कमी पडणे आणि सीआरपी लिटरला ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक असणे, या प्रवेशाच्या अटी होत्या. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ३१ टक्के, तर नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांपैकी ३५ टक्के दगावले. शंभरांमागे चार जीव वाचले. मी याला लहान यश म्हणणार नाही.

सीआरपीच्या एकट्या आकड्यावरून मात्र आजार कोणता ते कळत नाही. जखम, शस्त्रक्रिया, जंतू, विषाणू, सगळ्यांनी तो चढतो. उतरलेला आकडा पुन्हा वर गेला तर डॉक्टर नव्या जंतुसंसर्गाचा शोध घेतात. काही दिवसांचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचावेत आणि आधी एकक पाहावे: एका लॅबच्या कागदावरचे लिटरला ८० मिलिग्रॅम दुसरीच्या कागदावर डेसिलिटरला ८ म्हणून छापून येतात.