मांडवा : संपादकीय तळटीप

* मांडवा : अलिबाग तालुक्यातील बंदर, गेटवेहून सुटणाऱ्या लाँचा येथेच लागतात. मुकुल आनंद यांच्या ‘अग्निपथ’ (1990) या चित्रपटाचा नायक ज्या गांभीर्याने आपल्या या गावाचे नाव घेतो, त्याचे पुढे नकलाकारांनी हसू केले (2012च्या आवृत्तीतील मांडवा तर दीव येथे चित्रित झाला!), परंतु प्रस्तुत स्थळी लेखकाचा रोख, हिंदी चित्रपटांतून व मालिकांतून भोळसट मनुष्यास हिणवण्याकरिता विचारल्या जाणाऱ्या ‘अलिबागसे आया है क्या?’ या मुंबईकर प्रश्नाकडे आहे. विनोदासाठी जसा फ्रेंचांस बेल्जियन, इंग्रजांस आयरिश, तसा मुंबईस हा खाडीपलीकडचा अलिबागकर शेजारी. त्यामुळे ज्या वाक्यावर दादरच्या चित्रपटगृहात हशा पिकतो, त्याच वाक्यावर मांडव्याच्या धक्क्यावर कपाळास आठी पडते. या वाक्प्रयोगावर बंदी मागणारा अर्ज अलिबागच्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात गुजारला असता, विनोद प्रत्येक समाजावर होतात, तो अपमान मानू नये, अशा आशयाचा अभिप्राय देऊन न्यायालयाने तो 2019 साली नामंजूर केला. निकाल उचितच होय. मात्र त्यायोगे मांडवेकरांसही हसू यावे, ही लेखकाची अपेक्षा अवास्तव आहे. — संपादक