क्लाउड सर्व्हरचे आवक नियम : कन्सोलपासून कोडपर्यंत

कोणत्याही सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. कागद कोणाकडून आला, कधी आला आणि कोणत्या कारणास्तव आला, याचा उलगडा तीवरून होतो. संगणकात बाहेरून येणाऱ्या संदेशांपैकी कोणाला प्रवेश द्यावयाचा हे ठरविणाऱ्या फायरवॉलच्या नियमांना मात्र अशी नोंदवही फार उशिरा लाभली. प्रस्तुत लेखात या विलंबाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीचे इंटरनेट परस्परविश्वासावर चालत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने त्या विश्वासाला तडा दिला. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल यांनी संदेश गाळणाऱ्या 'स्क्रीनडी' या व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिले जात, ही बाब लक्षणीय आहे. म्हणजे नियम मुळात लिखितच होता. पुढे १९९४ च्या 'फायरवॉल-१' सारख्या उत्पादनांनी तो खिडक्या-बटणांच्या पडद्यावर नेला. सोय झाली, पण नियम कोणी व का घातला, ही माहिती बहुधा घालणाऱ्याच्या स्मरणातच राहू लागली. अविशाई वूल यांनी २००४ मध्ये ३७ फायरवॉलच्या नियमसंचांची पाहणी प्रसिद्ध केली. नियमसंच जितका गुंतागुंतीचा तितक्या चुका अधिक, असे तीत दिसून आले. जुना नियम काढण्यास कोणी धजावत नाही, हे ज्यांनी कार्यालयीन दप्तर हाताळले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

२००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा खुली केली आणि सर्व्हर भाड्याने मिळू लागला. त्याच्या पुढे उभा राहणारा पहारेकरी म्हणजे 'सिक्युरिटी ग्रुप'. यात केवळ परवानगीचे नियम असतात. ज्याचा उल्लेख नाही ती आवक आपोआप नाकारली जाते. रचना निर्दोष वाटते. परंतु ०.०.०.०/० एवढी अक्षरे लिहिली की साऱ्या जगाला दार उघडते, आणि घाईच्या वेळी तेच लिहिले जाते. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. पासवर्ड नसणे हे त्याचे एक कारण. २७०१७ या पोर्टापर्यंत कोणालाही पोहोचता येणे हे दुसरे.

संगणकाची अपेक्षित स्थिती लिहून ठेवावी आणि यंत्राने ती अमलात आणावी, हा विचार मार्क बर्जेस यांच्या १९९३ च्या 'सीएफइंजिन'मध्ये आढळतो. 'क्लाउडफॉर्मेशन' (२०११) व 'टेराफॉर्म' (२०१४) यांनी तो क्लाउडमध्ये आणला. आता पोर्ट २२ कोणत्या पत्त्यांसाठी खुला, हे फाइलमध्ये लिहिले जाते. गिट त्या फाइलची प्रत्येक आवृत्ती जतन करते. सहकारी बदल तपासतो, आणि काय बदलणार आहे हे अंमलबजावणीपूर्वीच दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने येथे नियम प्रथमच विश्वसनीय साधन बनतो, असे माझे मत आहे. ॲमेझॉनच्या सिक्युरिटी ग्रुपमधील प्रत्येक नियमाला स्वतःचा ओळखक्रमांक मिळाला तो तर थेट २०२१ मध्ये!

तथापि नोंदवही आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडतेच. रात्री अडचण आली म्हणून कोणी थेट कन्सोलवरून नियम घातला, तर कोडला त्याची वार्ता नसते. टेराफॉर्ममध्ये सर्व नियम ग्रुपच्याच व्याख्येत लिहिले असतील, तर पुढील अंमलबजावणीत हा आगंतुक नियम काढून टाकला जातो. नियम स्वतंत्रपणे लिहिले असतील, तर तो तसाच राहतो आणि कोड त्याविषयी मौन पाळतो. असा बदल कोणी व कधी केला हे २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'क्लाउडट्रेल'च्या नोंदींतून कळू शकते. का केला, हे त्या नोंदींत नसते.