कॅमेरा आणि जमीर

लेनी रीफेनश्टाल हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. जर्मनीत मात्र या बाईंविषयीचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही मिटलेला नाही.

१९०२ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या लेनी मूळच्या नर्तकी. गुडघा दुखावला, नृत्य सुटले आणि १९२६ साली 'पवित्र पर्वत' या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. बर्फाळ कडे चढणारी धाडसी नायिका म्हणून त्या गाजल्या. १९३२ च्या 'निळा प्रकाश'मध्ये अभिनयाबरोबर दिग्दर्शनही त्यांनी केले. हिटलरच्या मर्जीत त्या आल्या. १९३४ च्या न्युरेंबर्ग मेळाव्यावर त्यांनी काढलेला चित्रपट नाझी प्रचाराचा नमुना ठरला.

पुढे 'टीफलांड' या चित्रपटात त्या पुन्हा नायिका झाल्या. स्पॅनिश गावकरी हवे होते. त्यासाठी माक्सग्लान आणि मार्त्सान येथील छावण्यांतून रोमा व सिंती जमातींचे कैदी आणले गेले. त्यांत मुलेही होती. त्यांतील अनेकांना नंतर आउशवित्झला पाठवून ठार मारण्यात आले.

युद्धानंतर चौकशी झाली. लेनी पक्षाच्या सदस्य नव्हत्या, म्हणून 'सहप्रवासी' एवढाच शिक्का बसला. चित्रपटाचे दरवाजे मात्र जवळजवळ बंद झाले. मग त्यांनी हातात साधा कॅमेरा घेतला. सुदानच्या डोंगरांतील नुबा जमातीची छायाचित्रे त्यांनी काढली. १९७३ साली त्यांचे पुस्तक आले आणि जग थक्क झाले. सत्तरी ओलांडल्यावर बाई समुद्राखाली छायाचित्रे घेण्यास शिकल्या. जिद्द म्हणावी तर अशी!

परंतु १९७५ साली अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी नेमके बोट ठेवले. पिळदार, निर्दोष देहाची आणि ताकदीची तीच जुनी पूजा या चित्रांतही आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचकहो, लेनींच्या हुनराविषयी शंका नाही. प्रश्न जमीरचा आहे. ज्या नजरेला फक्त बलवान आणि देखणे तेवढेच दिसते, तिला दुबळ्यांची किंमत कशी कळणार? त्या गावकऱ्यांच्या गर्दीतले चेहरे लेनींना पार्श्वभूमीसाठी हवे होते. चित्रीकरण संपले, गरज संपली.

२००२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या सर्व कैद्यांना आपण युद्धानंतर भेटलो, कुणालाही काही झाले नाही, असे लेनींनी सांगितले. वाचलेल्या रोमा लोकांनी आणि त्यांच्या संघटनेने आवाज उठवला, तेव्हा त्यांना हे विधान मागे घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. छायाचित्रे राहिली. त्यांच्या शेजारी मेलेल्यांची नावे ठेवणे, हे इतिहास शिकणाऱ्यांचे काम आहे.