मानशीचे दार

गोव्यात डिचोली तालुक्यात सारमानस आहे आणि पेडण्यात आगरवाडा. एका नावात मानस, दुसऱ्यात आगर. मानस म्हणजे खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधातले पाण्याचे दार; आगर म्हणजे मिठागर. आज ज्या ओल्या जमिनीला सर्रास ‘पडीक’ म्हणतात, तिचे शब्द गावांच्या नावांत असे मुरलेले आहेत.

मांडवी आणि शापोरा नद्यांत भरतीचे खारे पाणी आत दूरवर चढते. ते थोपवायला गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगडाचे बांध घातले, त्यांत लाकडी मानशी बसवल्या. भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पावसाच्या सरींनी मीठ धुऊन नेले की कोरगूट पेरायचे. हा भात खारेपणा सोसतो. कापणीनंतर त्याच दारातून खारे पाणी आत घ्यायचे, मासे आणि सुंगटे (कोळंबी) धरायची. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. दलदल इथे कोणाला ओसाड वाटत नव्हती, कारण तिच्यावर घर चालत होते.

मिठाला पहिला धक्का राजकारणाने दिला. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातले मीठ ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. १८९२मध्ये करार संपला, पण आगरांची घडी विस्कटली होती.

खाजनाचे दुखणे नंतरचे. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते. बांधाची जबाबदारी मात्र जुन्या गावकरी संस्थेकडून (कोमुनिदाद) कुळांच्या संघांकडे आली, आणि भातापेक्षा मासळीला भाव आल्यावर कित्येक ठिकाणी दार अवेळी उघडे राहू लागले. शेतात मीठ साचले, बांध फुटले. डिचोलीत त्यावर खाणींचा गाळ उतरला.

२०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांच्या रक्षणाची खास तरतूद झाली. २०२२मध्ये कुडचड्यातले नंदा तळे गोव्याचे पहिले रामसर स्थळ ठरले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत चढले. ते सुमारे ४२ हेक्टरांचे. गोव्यातली खाजने मात्र सुमारे १८ हजार हेक्टर.

यादीत नाव चढल्याने बांध उभा राहत नाही. पेडणे-डिचोलीच्या पंचायतींनी आणि कुळांच्या संघांनी निदान मानशींच्या पावणीचा पैसा पुन्हा बांधावर खर्च करावा, आणि तोही पावसाआधी.