नाव, संच आणि गळा : संगीत नाटक मंडळ्यांतील पालट व रसिकांची निष्ठा

गेल्या हिवाळ्यात विभागाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत पवनारास जाण्याचा योग आला. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. ते समीकरण सर्वच विद्वानांस मान्य नाही. रामटेकनजीकच्या मनसरच्या बाजूनेही प्रमाणे पुढे केली जातात. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. टेकाडाचे थर दाखवीत असता ठिकाण तेच, वस्ती मात्र थरागणिक निराळी, आणि नाव कोणत्या थरास चिकटवावयाचे हा प्रश्न वेगळाच, असे आम्ही सहज बोलून गेलो. त्यावर मागे उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांचा वाद सुरू झाला, परंतु तो वाकाटकांविषयी नव्हता. विलायतेतील 'पिंक फ्लॉइड' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा खरा थर कोणता, १९६८ पूर्वीचा, १९८५ पर्यंतचा की त्यानंतरचा, या प्रश्नावर ते दोघे धाम नदीच्या खडकांवर जवळजवळ तासभर भांडत होते.

आम्ही प्रथम हसलो. मग ध्यानी आले की, हाच वाद मराठी मुलखात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अधिक त्वेषाने आणि पदरमोड करून घातला गेला आहे. मंडळी खरी कोणाची, अण्णासाहेबांची, भाऊरावांची की बालगंधर्वांची? आपल्या रंगभूमीच्या इतिहासांनी या वादाकडे हौशी लोकांची करमणूक म्हणून पाहिले. आमच्या मते तो इतिहासाच्या साधनांपैकी एक आहे. रसिकाची निष्ठा कशावर जडली होती, हे कळल्यावाचून कोणती मंडळी का तगली आणि कोणती का बुडाली, याचा उलगडा होत नाही.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. दोनशेंहून अधिक पदे असलेल्या त्या नाटकात साकी, दिंडी, कीर्तनातील व लावणीतील चाली, कानडी वळणाची पदे अशी नानाविध सामग्री होती. आणि पदे बहुधा आटोपशीर, संवादाचे काम करणारी अशी होती. पहिल्या संचात मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर हे गाणारे नट होते. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर येऊन मिळाले, त्याच वर्षी 'सौभद्रा'चा प्रारंभ झाला, आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब निवर्तले. म्हणजे ज्यास आपण आज 'मूळ किर्लोस्कर मंडळी' म्हणतो ती अवघी पाच वर्षांची. पुढील अर्धशतकातील प्रत्येक पिढीने आपल्या तक्रारीसाठी याच पाच वर्षांचा दाखला दिला. तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती वर्षे पाहिलीही नसतील.

अण्णासाहेबांच्या मागे मंडळी मोडली नाही. नाव राहिले, नाटके राहिली, आणि निष्ठा हळूहळू भाऊरावांच्या गळ्याकडे सरकली. प्रारंभी स्त्रीभूमिका गाजविणारे भाऊराव पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. देवलांच्या 'शारदा' नाटकात (१८९९) ते कोदंड झाले. परंतु खरा पालट त्याआधीच झाला होता, आणि तो आमच्या विदर्भाच्या एका सुपुत्राने केला. नागपुरास १८७१ साली जन्मलेले व वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे 'वीरतनय' १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने केले. कोल्हटकरांनी पारशी व उर्दू रंगभूमीवरील नव्या, चटकदार चाली आणल्या. साकी-दिंडीवर कान घडलेल्या प्रेक्षकास हे गाणे परके वाटले आणि नव्या प्रेक्षकास जुने गाणे कीर्तनासारखे वाटू लागले. 'अस्सल किर्लोस्करी' ह्या विशेषणाची गरज तेव्हाच निर्माण झाली असावी. एखादी गोष्ट अस्सल म्हणून सांगावी लागते ती तिच्या शेजारी दुसरी उभी राहिल्यावरच.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव वारले. व्यवस्था शंकरराव मुजुमदारांकडे व रंगभूमीवरील प्रमुख नटाची जबाबदारी नानासाहेब जोगळेकरांकडे आली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, सतराव्या वर्षी मंडळीत आले आणि शकुंतला होऊन उभे राहिले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांचे 'मानापमान' झाले; चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ठुमरी व रागदारीचा रंग असलेल्या या पदांनी रंगसंगीताचे माप बदलले. पदांची संख्या घटत गेली आणि एकेक पद मात्र लांबत गेले. 'शाकुंतला'तील पद कथेस पुढे नेई. 'मानापमाना'तील व पुढे भास्करबुवा बखले यांनी चाली दिलेल्या 'स्वयंवरा'तील (१९१६) पद कथेस थांबवून ठेवी, आणि प्रेक्षक 'वन्स मोअर' म्हणून तिला आणखी थांबवी. प्रयोग पहाटेपर्यंत चालत ते याच कारणाने. हा ऱ्हास म्हणावा की उत्कर्ष, याविषयी तत्कालीनांत एकमत नव्हते. आम्हांस विचाराल तर नाटक म्हणून हानी झाली व संगीत म्हणून मोठा लाभ झाला. मात्र 'स्वयंवरा'च्या प्रेक्षकास हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत असे कधी वाटले नसेल.

जोगळेकर १९११ मध्येच वारले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. येथे एक बारकावा पाहण्याजोगा आहे. या तिघांनी किर्लोस्करांच्या नावावर हक्क सांगितला नाही. सर्वांत लोकप्रिय गळा त्यांच्याकडे होता, 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान' ही नाटके ते करू शकत होते व त्यांनी केलीही. तरी संस्थेचे नाव त्यांनी एका नटाच्या उपाधीवरून ठेवले. लेखकाच्या नावाने चालणाऱ्या मंडळीच्या जागी गायकाच्या नावाने चालणारी मंडळी आली. तीन भागीदारांपैकी टेंबे लवकरच बाजूस झाले व त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. नावात गंधर्व असलेल्या घरात दुसऱ्या कोणास मालक म्हणून फार काळ राहणे कठीण होते, हे त्यावरून दिसते.

विलायतेतील उदाहरणे यापुढे ठेवून पाहावीत. 'पिंक फ्लॉइड'मधून सिड बॅरेट १९६८ मध्ये व रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये गेले. वॉटर्स यांनी उरलेल्यांच्या नाव वापरण्यास हरकत घेतली आणि तो तंटा १९८७ अखेर मिटला. १९८९ मध्ये 'येस' या बँडच्या चौघा जुन्या मातबरांनी एकत्र येऊन ध्वनिमुद्रिका काढली, परंतु नाव दुसऱ्यांकडे असल्यामुळे त्यांस आपल्या आडनावांची माळ लावून ती प्रसिद्ध करावी लागली. तेथे नाव ही मालमत्ता होती, येथे गळा हीच मालमत्ता ठरली. उलट प्रकारही आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे: १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असे नाव घेतले. बहुतेक माणसे तीच राहिली, परंतु गाण्याची दिशा पालटली म्हणून नाव टाकले. प्रवरपुराचा घोळ घालणाऱ्या आम्हां लोकांस हा प्रामाणिकपणा सुखावतो.

मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीस १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकरांचा तेजस्वी गळा लाभला. तो चार वर्षेच टिकला. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथ बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. (अण्णासाहेबांचे नाव बळवंत होते, हे येथे सहज नोंदवितो.) अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये याच मंडळीने गाजविले. तात्पर्य, किर्लोस्करांच्या नावात नवे गळे ओढून घेण्याचे सामर्थ्य उरले होते. त्यांस धरून ठेवण्याचे उरले नव्हते.

रसिकांचे तट किती कडवे होते, याचे प्रमाण ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त सापडते. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात गंधर्व मंडळी व केशवराव भोसले यांची ललितकलादर्श यांनी मिळून तो प्रयोग केला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी दैवतांचे भक्त एका छताखाली बसले, आणि कोणी कोणावर मात केली याची चर्चा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले.

या ठिकाणी आमच्या विषयाचा गाभा येतो. ललितकलादर्श १९०८ मध्ये हुबळीस केशवरावांच्याच गळ्यावर उभी राहिली होती. तो गळा तरुणपणीच नाहीसा झाल्यावर ती मोडावयास हवी होती, मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी सूत्रे घेतली, मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' १९२२ मध्ये केले, पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने रंगमंचास घराचे रूप दिले आणि पदांचा भार हलका केला. जुन्या चाहत्यांस ही केशवरावांची मंडळी वाटली नसणार, आणि त्यांचे खोटेही नव्हते. परंतु बापूराव १९३७ मध्ये वारल्यानंतरही त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी हीच संस्था पुढे चालविली, 'दुरितांचे तिमिर जावो' (१९५७) व 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) ही नाटके तिने केली, आणि २००८ मध्ये तिला शंभर वर्षे झाली.

गंधर्व मंडळीचे नेमके उलट झाले. तिच्याजवळ महाराष्ट्रातील सर्वांत निष्ठावान रसिक होते आणि त्या रसिकांस हवे ते तिने कधी नाकारले नाही. भारी शालू, अत्तरे, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष: हा थाट उत्पन्नाच्या मानाने फार मोठा होता व कर्ज वाढत गेले. 'एकच प्याला' (१९१९) व 'द्रौपदी' (१९२०) यांच्यानंतर नाटके आली, परंतु प्रेक्षक पुन्हा पुन्हा रुक्मिणी, सिंधू व भामिनीच मागत राहिला. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतराच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. पंचेचाळिशीतील पुरुषाने षोडशा व्हावे हे नव्या डोळ्यास खटकू लागले असता जुना कान मात्र डोळे मिटून ऐकत होता. १९३४-३५ च्या सुमारास मंडळी बंद पडली. पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले, परंतु ती पूर्वीची मंडळी नव्हती. बालगंधर्वांस १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले.

केवळ बोलपटाने मंडळ्या मारल्या, हा आपल्या ग्रंथांतील रूढ निष्कर्ष यामुळे आम्हांस अपुरा वाटतो. बोलपट ललितकलादर्शासमोरही आला होता. गंधर्व मंडळीस पालटाची मुभा तिच्या प्रेमिकांनीच ठेवली नव्हती. अर्थात त्या प्रेमिकांस दोष देणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. त्यांच्यावाचून ते गाणे इतके फुललेही नसते. 'जेनेसिस' या बँडमधून १९७५ मध्ये पीटर गेब्रिएल गेले, ढोल वाजविणारे फिल कॉलिन्स गाऊ लागले, दीर्घ रचना जाऊन आटोपशीर गीते आली, पहिले चाहते रुष्ट झाले आणि संस्था २०२२ पर्यंत तगली. १९७७ मध्ये बाहेर पडलेले स्टीव्ह हॅकेट मात्र त्या जुन्या रचनाच घेऊन पुढे दौरे करीत राहिले. त्यांचाही रसिकवर्ग आहे व तो स्वतःस अस्सल समजतो.

एका फरकाकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. 'येस'ची १९७२ मधील 'क्लोज टू द एज' ही रचना लाँग प्ले तबकडीची एक संपूर्ण बाजू, सुमारे अठरा मिनिटे, व्यापते. तिचा चाहता नव्या संचाचे गाणे जुन्याशी सबंध ताडून पाहू शकतो. म्हणून तो कठोर होतो, पण त्याच्या हाती माप असते. बालगंधर्वांची पदे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेली आहेत. रात्री रंगमंचावर तेच पद किती वाढे, कोणत्या 'वन्स मोअर'ला कोणती नवी जागा निघे, हे कोणत्याच तबकडीवर नाही. ते प्रयोग पाहिलेले कान आता उरलेले नाहीत. तबकडी ऐकून बालगंधर्वांवर निर्णय देणारा आजचा अभ्यासक आणि आठवणीवर देणारा त्या काळचा भक्त, दोघेही एकाच गाण्याविषयी बोलत असतीलच असे नाही.

जाहिराती, हस्तपत्रके, 'रंगभूमि' मासिकाचे अंक आणि नटांची आत्मचरित्रे ही साधने या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. नागपूर, अमरावती, अकोला या दौऱ्याच्या गावांतील जुन्या घरांतून पदांची छोटी पुस्तके अद्यापि निघतात. कोणत्या पदाखाली पेन्सिलीची रेघ आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळेल. पवनारास भांडणाऱ्या त्या दोघांपैकी एकाने असे एक 'सौभद्रा'चे पुस्तक परवाच विभागात आणून दिले. त्यातील साकी-दिंड्यांची पाने कोरी आहेत.