तीन पेंढ्यांची ढाल

विद्यापीठाच्या मानचिन्हाकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो. वास्तविक ढालीवरचे चिन्ह हा मालकीचा दाखला असतो. युरोपातील सरदार घराण्यांची ही प्रथा पुढे विद्यापीठांनी उचलली.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने १९३६ पासून जी ढाल मिरवली, तिच्यावर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या होत्या. पेंढी म्हणजे समृद्धी, असे मानचिन्हांचे शास्त्र सांगते. पण ही समृद्धी कोणाची? ती ढाल मुळात रॉयल या घराण्याची. आयझॅक रॉयलने मृत्युपत्राने दिलेल्या जमिनीच्या पैशातून १८१५ साली तेथे कायद्याचे पहिले प्राध्यापकपद निघाले. आणि त्या घराण्याची श्रीमंती आली होती अँटिग्वा बेटावरील उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामातून. ढालीवर पीक आहे. राबणारा हात नाही.

या घराण्याकडे राबलेल्या बेलिंडा नावाच्या स्त्रीने १७८३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. आयुष्यभराच्या श्रमाचा मोबदला तिने रॉयलच्या इस्टेटीतून मागितला. सालीना १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले. तेही नियमित मिळाले नाहीत. पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. कायदा शिकवणाऱ्या संस्थेने मालकाच्या पेंढ्या घेतल्या. कायद्याच्या दारात उभी असलेली बेलिंडा मात्र तिला दिसली नाही.

विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर मार्च २०१६ मध्ये ही ढाल काढण्यात आली. त्यासाठी नेमलेल्या समितीत अ‍ॅनेट गॉर्डन-रीड या कृष्णवर्णीय इतिहासकार बाईंनी भिन्न मत नोंदवले: ढाल ठेवा, म्हणजे गुलामांचे स्मरण राहील.

हे मत सहज बाजूला सारण्यासारखे नाही. चिन्ह पुसले की गुन्ह्याचा पुरावाही पुसला जातो. तरीही मला ते पटत नाही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा सुगीत खळ्यावर बलुत्याच्या पेंढीसाठी उभे राहत. पेंढी त्यांच्या हक्काची, पण हातावर पडायची ती उपकार म्हणून. म्हणून पेंढी पाहिली की मला समृद्धी दिसत नाही, खळ्यावरचा तो मालक दिसतो. सन्मानाची ढाल ही पुराव्याची जागा नव्हे. स्मरण ठेवायचे तर मालकाच्या चिन्हातून कशाला? बेलिंडाचा अर्ज कायद्याच्या पहिल्या तासाला शिकवावा. तिची सही नव्हती; तिने खूण केली होती. तीच खूण आपण वाचायला शिकले पाहिजे.