रविवारची घरे

टेक्सास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुरांची अफाट कुरणे, तेलाच्या विहिरी आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेले घोडेस्वार उभे राहतात. अमेरिकेच्या ह्याच राज्याच्या मध्यभागी, सॅन अँटोनिओ शहराच्या वायव्येस सुमारे ११० किलोमीटर अंतरावर, टेकड्यांच्या कुशीत फ्रेडरिक्सबर्ग नावाचे गाव वसले आहे. लोकवस्ती जेमतेम अकरा हजारांची. परंतु शनिवार-रविवारी तेथील हमरस्त्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. दुतर्फा चुनखडीच्या दगडांची बैठी घरे, त्यांच्या दारांवर जर्मन भाषेत स्वागताच्या पाट्या, आणि आत नाना तऱ्हेची दुकाने. कोठे हाताने शिवलेल्या गोधड्या, कोठे वर्षाचे बाराही महिने नाताळची सजावट, तर कोठे पीच फळांच्या मुरंब्यांच्या बरण्या. गल्ल्यांच्या नावांतही गंमत आहे. कचेरीच्या चौकातून पूर्वेकडे निघाले की आडव्या रस्त्यांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ऑल वेलकम’, म्हणजे ‘सर्वांचे स्वागत’, हे शब्द तयार होतात. आणि पश्चिमेकडे निघाले की ‘कम बॅक’, म्हणजे ‘पुन्हा या’!

असल्या गावी माणसे जातात ती खाण्यासाठी आणि खरेदीसाठी. त्यात गैर काही नाही. आम्हीही त्याच हेतूने गेलो होतो. मात्र ज्या ठेंगण्या घरांत आज दुकाने थाटली आहेत किंवा प्रवाशांची उतरण्याची सोय केली आहे, त्यांपैकी काही घरे मुळात कशासाठी बांधली गेली हे कळल्यावर ह्या गावाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. तेथील लोक त्यांना ‘रविवारची घरे’ म्हणतात. त्या घरांपर्यंत पोहोचण्यासाठी प्रथम दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

१८४२ साली ऱ्हाईन नदीकाठच्या बीब्रिख येथे काही जर्मन सरदार-संस्थानिकांनी एक मंडळ स्थापन केले. मायदेशात जमीन अपुरी पडत होती, कारागिरांच्या हातांना काम उरले नव्हते. अशा कुटुंबांना टेक्सासमध्ये वसवावे, हा मंडळाचा उद्देश. योजना भव्य होती, पण हिशेब कच्चा होता. जहाजे माणसांना मेक्सिकोच्या आखातावरील उघड्या किनाऱ्यावर उतरवून गेली. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले आणि वसाहतकऱ्यांना आत नेण्यासाठी हव्या असलेल्या गाड्या सैन्याने घेतल्या. किनाऱ्यावरच्या चिखलात, तंबूंत आणि वाटेवर रोगराईने शेकडो माणसे दगावली.

अशा बिकट वेळी मंडळाचा कारभार ओटफ्रीड हान्स मॉइझेबाख ह्या तरुणाच्या हाती होता. हा जन्माने बॅरन. परंतु टेक्सासच्या भूमीवर त्याने आपली सरदारकी बाजूस ठेवली आणि साधे जॉन मॉइझेबाख हे नाव धारण केले. न्यू ब्राउन्फेल्स ह्या मंडळाच्या पहिल्या वसाहतीतून निघालेला सुमारे १२० माणसांचा तांडा सोळा दिवसांच्या प्रवासानंतर ८ मे १८४६ रोजी येथे पोहोचला. प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकचे नाव गावाला दिले गेले. प्रत्येक कुटुंबाला गावात घरासाठी एक भूखंड आणि गावाबाहेर दहा एकर शेतजमीन मिळाली. ह्या वाटणीचा धागा आपण पुढे पुन्हा हाती घेणार आहोत. पहिल्याच वर्षी साथीच्या रोगाने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आणखी एक मोठा प्रश्न होता. ही भूमी निर्जन नव्हती. ती कोमांची लोकांची शिकारभूमी होती. अन्यत्र असे प्रश्न बंदुकीने सोडवले जात. मॉइझेबाख १८४७ च्या प्रारंभी मोजक्या सोबत्यांसह सॅन साबा नदीकाठी गेला आणि कोमांचींच्या प्रमुखांसमोर बसून बोलला. त्याच्या तांबूस दाढीमुळे कोमांचींनी त्याला ‘तांबडा सूर्य’ असे नाव दिले, असे सांगतात. ९ मे १८४७ रोजी फ्रेडरिक्सबर्ग येथे करारावर सह्या झाल्या: जर्मनांनी नदीकाठी वसावे, कोमांचींनी गावात निर्धास्त यावे-जावे, दोघांनी एकमेकांना संकटाची सूचना द्यावी. गावाच्या चौकात ह्या भेटीचे ब्राँझचे शिल्प आहे. गावकरी अभिमानाने सांगतात की हा करार मोडला गेला नाही. तो अभिमान रास्त आहे. परंतु कथा तेथे संपत नाही. करार ज्यांच्याशी झाला ते पेनातेका कोमांची १८५९ साली टेक्सासच्या हद्दीबाहेर उत्तरेकडे पाठवले गेले. शब्द पाळला गेला, पण ज्याला तो दिला होता तो शेजारी नाहीसा झाला, ही नोंद शिल्पापुढे छायाचित्र काढताना विसरू नये.

त्या वाटाघाटींच्या दिवसांशी एक गोड आख्यायिका जोडली गेली आहे. पुनरुत्थानाच्या सणाच्या पूर्वसंध्येला भोवतालच्या टेकड्यांवर शेकोट्या पेटलेल्या पाहून मुले घाबरली. तेव्हा एका आईने समजूत घातली, ‘‘अरे, तो ईस्टरचा ससा तिकडे मोठमोठ्या कढयांत अंडी रंगवतो आहे!’’ इतिहासकारांना ह्यात जर्मनीतल्या ईस्टर-शेकोट्यांच्या जुन्या प्रथेची आठवण दिसते. आख्यायिका कशीही असो, भीतीच्या रात्री मुलाला झोपवणारी आई कोणत्याही समाजाला ओळखीची वाटेल.

वसाहतकऱ्यांत ल्यूथरन होते तसेच कॅथलिकही होते. १८४७ साली हमरस्त्याच्या मधोमध एक अष्टकोनी इमारत उभी राहिली. वरचे निमुळते छप्पर पाहून लोक तिला थट्टेने ‘कॉफीची चक्की’ म्हणत. तीच शाळा, तीच सभागृह, तीच संकटकाळी आसरा घेण्याची जागा, आणि तीच सर्व पंथांची उपासनागृहाची इमारत. मूळ वास्तू १८९७ साली पाडली गेली. आज चौकात दिसते ती १९३० च्या दशकात उभारलेली प्रतिकृती होय. गावाजवळच्या टेकडीवर १८४७ साली एका वसाहतकऱ्याला लाकडी क्रूस आढळला होता. तो पूर्वीच्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी रोवला असावा असे मानतात. फादर गेऑर्ग मेन्झेल यांनी १८४९ साली तेथे अधिक भक्कम क्रूस उभारला. आजही ती टेकडी क्रूसाच्याच नावाने ओळखली जाते. कॅथलिकांचे दगडी मरियामंदिर १८६३ साली पूर्ण झाले. ते अपुरे पडू लागल्यावर शेजारी गॉथिक शैलीचे नवे सेंट मेरीज चर्च बांधण्यात आले व १९०८ साली त्याचे पवित्रीकरण झाले. त्याच्या भिंतींवरील आणि छतावरील रंगकाम पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात.

आता त्या वाटणीच्या धाग्याकडे वळू. दहा एकर जमीन टेक्सासच्या कोरड्या मातीत कुटुंबाचे पोट भरण्यास पुरेशी नव्हती. शेतकरी हळूहळू पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक किलोमीटर दूर कुरणांवर जाऊन राहू लागले. बैलगाडीने अथवा घोडागाडीने रविवारी पहाटे निघून मिस्सेला वेळेवर पोहोचणे आणि त्याच दिवशी परतणे अशक्यच. मग त्यांनी उपाय काढला. गावातील भूखंडावर एक लहानसे घर बांधावे; शनिवारी सहकुटुंब यावे, लोणी-अंडी विकावीत, मीठ-साखर-कापड घ्यावे; रात्री त्या घरात मुक्काम करावा आणि रविवारी सकाळी चर्चला जावे. बहुतेक घरे १८९० ते १९२० च्या दरम्यान बांधली गेली. खाली एखाददुसरी खोली, वर मुलांना निजण्यासाठी माळा, आणि माळ्यावर जायला बाहेरून जिना. जागा वाचावी म्हणून ही युक्ती. १९०४ सालचे असे एक घर गावच्या संग्रहालयात जतन केले आहे. कुटुंबातले वृद्ध आईवडील शेत मुलाच्या स्वाधीन करून ह्याच घरात अखेरचे दिवस काढीत, कारण तेथून चर्चची घंटा ऐकू येई आणि डॉक्टरही जवळ असे.

एकूण पाहता, फ्रेडरिक्सबर्गला आठवड्यातून एकदा एकत्र आणले ते रविवारने. विखुरलेली शेतकरी कुटुंबे सहा दिवस एकमेकांच्या दृष्टीआड असत. सातव्या दिवशी लग्ने ठरत, भांडणे मिटत, कोणाच्या घरी आजार आहे ते कळत. पुढे मोटारी आल्या, रस्ते झाले. तासाभरात येऊन परत जाता येऊ लागले आणि ती घरे ओस पडली. आज त्यांचीच दुकाने आणि अतिथिगृहे झाली आहेत.

खाद्यपदार्थांची कथा ह्याहून सुखाची आहे. श्निट्झेल, आंबवलेल्या कोबीचे साउअरक्राउट आणि सफरचंदाचे श्ट्रूडेल येथील भोजनगृहांत आजही रुचीने खाल्ले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही चव जर्मनांपुरती राहिली नाही. मध्य टेक्सासच्या धुरावलेल्या मांसाची ख्याती जर्मन आणि चेक खाटिकांच्या दुकानांतून पसरली. विकून उरलेले मांस खराब होऊ नये म्हणून ते लाकडाच्या धुरावर शिजवून ठेवीत. न्यू ब्राउन्फेल्सच्या विल्यम गेबहार्ट ह्या जर्मन उपाहारगृहवाल्याने तर १८९० च्या दशकात मेक्सिकोच्या मिरच्या वाळवून, दळून तयार मसाला बाजारात आणला. मेक्सिकोची मिरची, जर्मनाची चक्की आणि टेक्सासचे गिऱ्हाईक! शेजाऱ्याकडून घेण्यात आणि शेजाऱ्याला देण्यात स्वयंपाकघर कधीच संकोच करीत नाही.

भाषेच्या वाट्याला मात्र हे सुख आले नाही. ह्या जर्मनांवर परकेपणाचा शिक्का दोनदा बसला. १८६१ साली टेक्सासने अमेरिकेपासून फुटून निघण्याचा प्रश्न मतास टाकला, तेव्हा ह्या जिल्ह्याने प्रचंड बहुमताने नकार दिला. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १८६२ रोजी, मेक्सिकोकडे निघालेल्या संघनिष्ठ जर्मनांवर न्यूएसिस नदीकाठी हल्ला झाला. जखमी होऊन हाती लागलेल्यांनाही ठार करण्यात आले. कम्फर्ट ह्या शेजारच्या गावी १८६६ साली उभारलेला त्यांचा स्मृतिस्तंभ आजही आहे. दुसरा आघात पहिल्या महायुद्धाचा. १९१८ साली टेक्सासच्या विधिमंडळाने सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवण्यास कायद्याने बंदी केली. घरात जर्मन बोलणारी मुले शाळेत गप्प बसू लागली.

त्याच युद्धाची झळ आपल्याही धर्मप्रांताला लागली होती. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली ज्यांनी सुरू केले ते जर्मन येशूसंघीय धर्मगुरू युद्धकाळात एकाएकी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना स्थानबद्ध करून अखेर मायदेशी पाठवण्यात आले. तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत जर्मन नागरिक डांबले गेले. टेक्सासचा शेतकरी आणि मुंबईचा धर्मगुरू यांची एकमेकांशी ओळख नव्हती. परंतु मातृभाषा एकच, आणि तीच दोघांचा अपराध ठरली. ह्याच गावात १८८५ साली जन्मलेले चेस्टर निमिट्झ, जर्मन हॉटेलमालकाचे नातू, दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील अमेरिकी आरमाराचे सरसेनापती झाले आणि १९४५ साली अमेरिकेच्या वतीने त्यांनी जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. निष्ठा सिद्ध करण्यासाठी भाषा सोडावी लागत नाही, हे सांगायला ह्याहून मोठे उदाहरण कोणते? पण तोपर्यंत पुष्कळ आईबापांनी मुलांशी जर्मन बोलणे सोडून दिले होते.

टेक्सासच्या जर्मन बोलीचे स्वतःचे असे रूप होते. जर्मनीतून येताना ह्या लोकांनी पाहिला नव्हता त्या स्कंक प्राण्याला त्यांनी ‘श्टिंककाट्झे’, म्हणजे दुर्गंधी मांजर, म्हटले. विमान आले तेव्हा त्याला ‘लुफ्टशिफ’, म्हणजे हवेतले जहाज, असे नाव दिले. आज ही बोली थोड्या वृद्धांच्याच तोंडी उरली आहे. टेक्सास विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ हान्स बोआस यांनी २००१ पासून तिचे ध्वनिमुद्रण हाती घेतले. शेवटच्या बोलणाऱ्यांचे शब्द त्यामुळे जपले जातील. पण त्या शब्दांनी कोणी नातवंडाला हाक मारील, असे वाटत नाही.

येथेच ह्या गावाचा धडा आहे, असे आम्हाला वाटते. ज्याला गिऱ्हाईक मिळाले ते टिकले: खाणे, दगडी घरे, पाट्यांवरची अक्षरे. ज्याला गिऱ्हाईक नव्हते, ती घरातली बोली आणि शनिवारची रात्र एका छपराखाली काढण्याची रीत, ती मात्र कोणाच्याही लक्षात न येता गेली. सेंट मेरीजमध्ये रविवारची मिस्सा आजही होते, आणि तिला गावकरीच येतात, प्रवासी नव्हे. जे विकले जात नाही ते घराघरांतूनच जपावे लागते. त्यासाठी शिल्पे, संग्रहालये आणि विद्यापीठे नंतर येतात, आणि बहुधा उशिराच येतात. आपल्या घरात आजीच्या तोंडी जी बोली अजून आहे, तिच्यातून मुलांशी बोलण्याचा दिवस आजचाच आहे.